एलएम३५८ चं आउटपुट ३.७ व्होल्टच्या वर जातच नाहीये

ब्रेडबोर्ड_बंड्या:
नमस्कार मंडळी, मिनी प्रोजेक्टसाठी पाण्याचं तापमान मोजतोय, एलएम३५ या तापमान सेन्सरचे डिग्रीला १० मिलिव्होल्ट येतात म्हणून एलएम३५८ (सिग्नल मोठा करणारी ऑप-अँप आयसी) ने साधारण ५ पट करून आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डला दिलेत, म्हणजे १०० डिग्रीला ५ व्होल्टच्या जवळ असा हिशोब. आउटपुटवरून परत इनपुटला येणाऱ्या फीडबॅकला ३९ के (किलोओहम) रेझिस्टर, खाली ग्राउंडला १० के, सप्लाय आर्डुइनोचाच ५ व्होल्ट. ७० पर्यंत झकास चालतं पण ७५ च्या आसपास आकडा जो अडकतो तो पाणी खळखळ उकळलं तरी हलत नाही, मीटरवर ३.७ व्होल्ट. आयसी बदलली, तेच. डेटाशीटवर सप्लाय ३ ते ३२ व्होल्ट लिहिलंय मग ५ वर काय प्रॉब्लेम? डुप्लिकेट माल असेल का?

जुना_सोल्डर:
माल ओरिजिनल आहे रे, उगाच दुकानदाराला शिव्या नको. ३ ते ३२ हा सप्लायचा आकडा झाला, तू आउटपुट स्विंगची (आउटपुट कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं त्याची) ओळ बघ, वरच्या बाजूला सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट कमी मिळतं. ५ मधून दीड गेले की साडेतीन, तुझा लोड हलका म्हणून ३.७ तरी येतंय. आत आउटपुटला वर एनपीएन डार्लिंग्टन (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) आहे, त्याचे बेस-एमिटर ड्रॉप तिथेच खाल्ले जातात. खाली मात्र ही आयसी ग्राउंडच्या अगदी जवळ जाते आणि इनपुटही ग्राउंडपर्यंत घेते, म्हणून तर सिंगल सप्लायवर लोक डोळे झाकून हीच लावतात.

मायक्रोव्होल्ट:
मुळात ऑप-अँप कशाला? उनोचा आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तुलना करून तो मोजतो ते) लाव आणि एलएम३५ थेट पिनला दे, एक स्टेप जवळपास १.०७ मिलिव्होल्टची म्हणजे डिग्रीच्या दहाव्या भागाइतकी. फक्त तो रेफरन्स प्रत्येक चिपला १.० ते १.२ मध्ये कुठेही असतो, तो एकदा मीटरने मोजून कोडमध्ये टाक.

ब्रेडबोर्ड_बंड्या:
सर म्हणतात ऑप-अँप पाहिजेच, मार्क त्यालाच आहेत 😅 एलएम३५८ ला १२ व्होल्ट दिले तर?

जुना_सोल्डर:
दे की, पण मग आउटपुट १० च्या वर जाऊ शकतं, सेन्सरची वायर हलली आणि इनपुट तरंगत राहिला तर आर्डुइनोची पिन गेलीच म्हणून समज. त्यापेक्षा गेन (सिग्नल किती पट करायचा तो आकडा) ३ कर, वर दोन १० के सिरीजमध्ये, खाली एक १० के. १०० डिग्रीला ३ व्होल्ट, डिग्रीला आर्डुइनोच्या रीडिंगचे ६ काउंट, प्रोजेक्टला रग्गड झालं. अगदी ५ पर्यंत जायचंच असेल तर एमसीपी६००२ आण, आठही पिना त्याच जागी, रेल-टू-रेल आहे म्हणजे आउटपुट जवळपास पूर्ण सप्लायपर्यंत जातं, फक्त तिला ६ च्या वर सप्लाय चालत नाही, १२ चा विचार तिथे डोक्यातून काढायचा.

मायक्रोव्होल्ट:
अजून एक, व्हायवाला विचारतीलच. एलएम३५८ चा इनपुट ऑफसेट (आयसीची स्वतःची इनपुटवरची चूक) टिपिकल २, जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्ट. तुझ्या सेन्सरला १० मिलिव्होल्ट म्हणजे एक डिग्री, म्हणजे नुसत्या ऑफसेटने ०.७ डिग्रीपर्यंत फरक पडू शकतो आणि गेन कितीही ठेवला तरी तो तेवढाच राहतो, कारण सिग्नलबरोबर ऑफसेटही तितकाच वाढतो. थर्मामीटर शेजारी बुडवून कोमट पाण्यात दोन्ही रीडिंग जुळव आणि फरक कोडमध्ये वजा कर. आणि दुसरा ऑप-अँप रिकामा आहे ना, त्याच्या पिना लोंबकळत ठेवू नको, ६ आणि ७ जोड, ५ ग्राउंडला.