नॉमिनी लावलाय, मग वारस दाखला कशाला?

आडवाट:
ठेव, डीमॅट (शेअरचं खातं), म्युच्युअल फंड, सगळीकडे आपण नॉमिनी लावतो. तरी माणूस गेला आणि घरात जरा कुरबुर झाली की कोर्टाच्या पायऱ्या चढा, वारस दाखला आणा, सक्सेशन सर्टिफिकेट (गेलेल्याचे पैसे-शेअर कोणाला द्यायचे, याचा कोर्टाचा दाखला) आणा. गेलेल्याने शुद्धीत, स्वतःच्या सहीने नाव दिलंय ना? मग तोच मालक. विषय संपला.

सातबारा:
साफ असहमत. ती सही पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरती असते. ते कोणाचे, हे मृत्युपत्र नाहीतर वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ साली (सरबती देवी खटला) आणि शेअर-म्युच्युअल फंडाबाबत डिसेंबर २०२३ मध्ये (शक्ती येझदानी खटला) हेच सांगितलं.
समजा, पहिल्या नोकरीत कोणी फॉर्मवर भावाचं नाव टाकलं. पुढे लग्न झालं, पोरं झाली, फॉर्म तसाच राहिला. तुमच्या हिशेबाने सगळं दिराचं आणि बायको-पोरं उघड्यावर!

आडवाट:
मग बदलायचं ना नाव! एकाच्या आळसापायी बाकीच्यांनी खेटे का घालायचे? आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. विम्याला चालतं, ठेवीला का नाही?

शेंडेफळ:
तिथेही यादी जवळच्या नात्यांचीच आहे, दीर नाही त्यात. पण ते सोडा. हिंदू वारसा कायद्यात मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेली वारस, विधवेइतकाच वाटा. नॉमिनी सून. तुमच्या नियमाने म्हातारीला काय मिळणार? दाखल्याची कटकट आहे, मान्य. अर्ज, नोटीस, हरकतीची वाट बघणं, तारखा. पण ती नोटीस निघते ती अशा म्हातारीला कळावं म्हणूनच.

बिनपगारी:
मृत्युपत्र करा की राव. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला काही देताय त्यालाच साक्षीला बसवू नका.

आडवाट:
मृत्युपत्रालाही आव्हान देतातच लोक. आणि नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. टक्के मला लिहायला लावायचे आणि वर म्हणायचं ही मालकी नाही! थट्टा चाललीय का?

सातबारा:
टक्के बँकेसाठी. कोणाच्या हाती किती द्यायचे एवढंच ती बघणार.