मदत हवी आहे: लाइंग (नारळाच्या दुधातलं अळू) शाकाहारी कसं करावं?

मनिलात राहते. शेजारच्या काकू बिकोलकडच्या. त्या भागात नारळ आणि मिरची दोन्हींचा हात सढळ. त्यांच्याकडचं लाइंग मला फार आवडतं: अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात रस आटून तेल सुटेपर्यंत शिजवायची. आपल्या फदफद्यासारखं पातळ नसतं, काळपट हिरवं, दाटसर. गरम भातावर घ्यायचं.

अडचण अशी, की त्या त्यात बागूंग, म्हणजे खारवून आंबवलेला जवळा घालतात, वर सुकी मासळी किंवा डुकराचं मांस. सासूबाई येणार आहेत. त्यांना कांदा-लसूण चालतं, मासळीचा वासही नको. नुसत्या मिठावर ती चव येत नाही. काय घालू?

दुसरं, काकू सांगतात की पानं टाकल्यावर ढवळायचं नाही, नाहीतर घसा खाजतो. आमच्या आईच्या मते अळूला चिंच किंवा आमसूल हवंच. चिंचेने दूध फुटेल का?

आमसूल_रत्नागिरी:
फुटलं तर फुटू दे, तेल सुटायलाच हवंय ना! पण चिंच घालू नका, आंबट झालं की ते लाइंग राहणार नाही. खाज येते ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. त्यावर उपाय म्हणजे भरपूर शिजवणं. पानं चांगली कुरकुरीत वाळलेली घ्या आणि डावाने दाबून दुधात बुडवा. काकूंचं ऐका, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

डावाओकर:
ताई, मी इथे मेडिकलला आहे, मेसमध्ये आम्हा शाकाहारी पोरांचा हाच प्रश्न. तौसी घाला, खारवून आंबवलेलं काळं सोयाबीन, डब्यात मिळतं. थोडं ठेचून आलं-लसणाबरोबर परता. जवळ्याची चव नाही येणार, पण तो आंबूस खारटपणा येतो. दूध मात्र पाकिटातलं नको. बाजारात नारळ यंत्रावर खवून देतात, तो आणून कोमट पाण्यात पिळा. पहिलं घट्ट दूध बाजूला ठेवा, पानं दुसऱ्या पातळ दुधात शिजवा. १०० ग्रॅम सुक्या पानांना पाच-सहा कप सहज लागतं, पानं पितात नुसती. घट्ट दूध आणि मिरच्या शेवटी. मिरच्या अख्ख्या टाका, सासूबाईंना बाजूला काढता येतील.

आणि लाइंग नाहीच जमलं तर लाल भोपळा आणि चवळीच्या लांब शेंगा याच पद्धतीने करा. तेही इथलंच, घरोघरी होतं, आणि खाजेची भानगड नाही.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांनाही! तौसी मिळाली. डब्यातलं पाणी घालायचं की ओतून द्यायचं?

डावाओकर:
ओतून द्या, दाणेही एकदा धुऊन घ्या. मीठ अगदी शेवटी, चाखूनच.