उपासमारीची खूण जनुकांवर

बडोद्यातील आपल्या मराठी घरांत मधुमेह ‘रक्तातच आहे’ म्हणून सोडून दिला जातो, हे निरीक्षण मला पटते. मात्र आईच्या आहाराने बाळाची जनुकेच बदलतात, हे त्याच्या जोडीने केलेले विधान दुरुस्त करायला हवे. जनुके ज्याची बनलेली असतात त्या डीएनएमधील घटकांचा क्रम तोच राहतो; बदलतात त्यावरील मिथाइल गटांसारख्या (कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या अणुसमूहांसारख्या) रासायनिक खुणा, ज्यांचा जनुकाच्या अभिव्यक्तीवर, म्हणजे ते किती काम करते यावर, परिणाम होऊ शकतो. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर, सहा दशकांनंतरही, उपासमारीच्या काळाबाहेर गर्भधारणा झालेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा मिथाइल गट कमी आढळले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. फरक लहान होता आणि तपासणी रक्ताची होती. तेवढ्यावरून कोणत्याही आईला दोष देणे अन्यायाचे आहे.