विषय: आईची दाढ, तीन आठवड्यांत इम्प्लांट आटोपतं का?

पांढरकवडावाले

मंडळी, नमस्कार. तिकीट आज रात्रीपर्यंत पक्कं करायचं आहे म्हणून घाईत लिहितो. आईची खालची उजवी पहिली मोठी दाढ काढली हे बहुतेकांना गणपतीतच कळलं आहे. जखम भरली. मागच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे, पुढची उपदाढ धडधाकट. शुगरची तीन महिन्यांची सरासरी ७.४.

दिवाळीत तीन आठवडे गावी आहे. तालुक्याचे डॉक्टर ब्रिज करा म्हणतात, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला खोटा दात. नागपूरचा एक दवाखाना इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) आणि त्यावरची कॅप दोन्ही त्याच मुक्कामात द्यायला तयार आहे, पॅकेज पंचेचाळीस हजार. इथे परदेशात त्याच कामाचे चार हजार डॉलर सांगतात, त्यामुळे आईला इकडे आणून करण्याचा विचार सोडला. काय करू?

वर्धेच्या ताई

भाऊ, तीन आठवड्यांत मोठ्या दाढेचं इम्प्लांट कॅपसकट करू नका. टायटॅनियमचा स्क्रू हाडात घट्ट बसला असं पहिल्या दिवशी वाटतं, पण ती पकड फक्त पेचाची असते. हाड त्याला धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने घेतं, वरच्यात चार ते सहा. त्या काळात चावताना स्क्रू मिलीमीटरच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो आणि इम्प्लांट सैल होतं. समोरच्या दातावर लगेच कॅप देतात, पण ती तात्पुरती असते आणि चावण्याच्या माऱ्यातून बाहेर ठेवलेली. मागच्या दाढेवर भाकरीचा सगळा जोर येतो.

दिवाळीत स्क्रू बसवा आणि कॅप फेब्रुवारीत, कापसाची वेचणी संपल्यावर. दुसऱ्या खेपेला तुम्ही हजर असायची गरज नाही. बुक करण्याआधी दवाखान्याला विचारा: पंचेचाळीस हजारांत थ्री-डी स्कॅन, अबटमेंट (स्क्रू आणि कॅपमधला जोड) आणि कॅप आहे का, आणि हाड कमी पडून हाडाची भुकटी भरावी लागली तर तिचे वेगळे किती? त्या थ्री-डी, म्हणजे सीबीसीटी स्कॅनशिवाय खालच्या दाढेला कोणालाही ड्रिल लावू देऊ नका. खालून नस जाते, स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान २ मिलीमीटर वर हवं. नसेला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर राहतो.

शुगर ७.४ चालेल, आठच्या वर गेली तर आधी ती उतरवा. आईला हाडं ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात का? तसं असेल तर जबड्याच्या कुठल्याही कापाकापीआधी सर्जनला ते सांगायलाच हवं.

हिंगणघाटचे काका

ताईंचं बरोबर, पण ब्रिजला काहून एवढं मागं लोटून राहिले? मागच्या दाढेत चांदी आहे म्हणजे तिला आज ना उद्या कॅप लागणारच. धातूवरच्या सिरॅमिकचा ब्रिज साधारण तीन ते सहा हजार रुपये दाताला पडतो, आणि ब्रिजमध्ये तीन दात मोजतात हे लक्षात ठेवा, एक नाही. तरी इम्प्लांटच्या निम्म्यात येतं. शिवाय तो निघाला तर तालुक्याचा डॉक्टर सिमेंट लावून परत बसवून देतो. इम्प्लांटचा स्क्रू ढिला झाला तर तो पिळायला त्याच कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, तो तालुक्याला कुठून आणणार?

नागपूर गावापासून साधारण दीडशे किलोमीटर. स्कॅन, बसवणं, टाके, हिरडी भरेपर्यंतची वरची टोपी, माप, कॅप, म्हणजे पाच-सहा खेपा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सोबतच्या माणसाचा दिवस मोडतो आणि वेचणीत सोबत मिळत नाही. हिशोबात हेही धरा.

आरोग्य समिती, संयोजक

सर्वांना विनंती. उपचाराचे प्रश्न आधी समितीच्या पत्त्यावर पाठवायचे असं मार्चच्या बैठकीत ठरलं आहे. दवाखान्यांचे दर आपल्या ईमेलच्या यादीवर टाकू नयेत, मागच्या संक्रांतीला चष्म्याच्या दुकानावरून काय झालं ते सगळ्यांना आठवतं. समिती तज्ज्ञांना विचारून उत्तर देते.

वणीवाली

संयोजकांना आदरपूर्वक, समितीकडून उत्तर यायला वेळ लागतो आणि भाऊंचं तिकीट आज आहे. नाव न घेता दर सांगितल्याने कोणाचं नुकसान होत नाही. गावाकडे दर कळत नाहीत म्हणूनच लोक पहिल्या दवाखान्यात सही करून बसतात.

काका, एका धडधाकट उपदाढेचं सगळं एनॅमल घासायचं हे ब्रिजचं खरं मोल आहे. चहूबाजूंनी एक-दीड मिलीमीटर आणि वरून दोनपर्यंत जातं, ते परत येत नाही. खांबाचा एक दात किडला की पूर्ण ब्रिज कापावा लागतो, आणि मधल्या खोट्या दाताखाली घास अडकतो. तिथे साधा ब्रश पोचत नाही, बारीक इंटरडेंटल ब्रश रोज फिरवावा लागतो. तो तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतो का, हे आधी पाहा. इथून नेणार असाल तर वर्षभराचा न्या.

चंद्रपूरवाले

मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. आई खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातात का? आधी खात होत्या का?

सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, पांढरट पट्टे येतात, साधा ठेचाही झोंबतो आणि तोंड कमी उघडतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. आपल्या भागात खर्रा घरोघर आहे म्हणून हे आधी बघायचं. मोठ्या दाढेला स्क्रू बसवताना हँडपीसचं (ड्रिल धरणाऱ्या यंत्राचं) डोकं आणि त्याखाली उभं ड्रिल, दोन्ही समोरच्या दातांमधून आत जाऊन सरळ खाली उतरायला हवेत. तोंड कमी उघडलं की ड्रिल तिरपं जातं, स्क्रू तिरपा बसतो, कॅपवर आडवा जोर येतो. ब्रिजलाही तीच अडचण, मापाचा ट्रेच आत शिरत नाही.

घरी तपासता येतं. आपलीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही बसली तर ठीक. दोनच बसली तर पंचेचाळीस हजारांचा विचार नंतर करा, आधी तोंड दाखवा. या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे दाढेपेक्षा हे तातडीचं आहे. व्हिडिओ कॉलवर आजच करून घ्या.

हिंगणघाटचे काका

खर्र्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात यायला हवा होता. तरी तोवर जागा रिकामी ठेवू नका. मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ खाली उतरते, आणि नंतर स्क्रूला जागाच उरत नाही.

वर्धेच्या ताई

काका, जागा धरायला प्लेट, म्हणजे काढता-घालता येणारा खोटा दात, चालेल, पण एका बाजूची इवलीशी नको. एका दाढेची सुटी प्लेट जेवताना किंवा झोपेत गिळली जाते, श्वासनळीतही जाऊ शकते, आणि तिचं ॲक्रिलिक प्लास्टिक एक्स-रेत नीट दिसत नाही. जिभेच्या बाजूने फिरून डाव्या दातांवर तारेने धरणारी करायला सांगा. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्याने ती वाकते. साधी प्लेट दोन-तीन हजारांत होते, मोडली तर तालुक्यातच जोडून मिळते. ‘फ्लेक्सिबल’ म्हणून जी जास्त पैशांत देतात ती मोडत नाही सहसा, पण पुढे हिरडी बसली की तिला आतून भर घालणं अवघड, नवीच करावी लागते.

पांढरकवडावाले

आत्ताच आईशी बोललो. दोन बोटं जातात, तिसरं अडतं. खर्रा मामाच्या आजारपणानंतर सोडला म्हणते, पण तिखट झोंबतं हेही आज पहिल्यांदाच बोलली. हाडांचं इंजेक्शन कधी घेतलेलं नाही. नागपूरच्या दवाखान्याला नको कळवतो. तिकीट तीन आठवड्यांचंच काढतो, आधी सावंगीच्या शरद पवार डेंटल कॉलेजला नेऊ की नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजला?

वर्धेच्या ताई

दोन्हीकडे मुखरोग विभाग आहे. गावाहून हिंगणघाटमार्गे सावंगी जवळ पडेल, आणि पुन्हापुन्हा जावं लागणार आहे. केसपेपरसाठी सकाळीच पोचा. दाढ काढायच्या आधीचा एक्स-रे, शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. शुगरची गोळी आणि नाश्ता घरीच होऊ द्या, उपाशी नेऊ नका. दाढेचं नाव तिथे शेवटी काढा. आधी तोंडाची तपासणी, तपासायला गालाच्या आतल्या कातडीचा तुकडा घ्यायचा म्हणाले तर लगेच होकार द्या, आणि तोंड उघडण्याचे व्यायाम शिकून घ्या. जागा धरायची प्लेट त्याच खेपेत विचारा. इम्प्लांट पुढे कधी झालंच, तर त्याच्या डबीवरचा स्टिकर फाइलवर चिकटवून मागा, त्यावर कंपनी, लांबी-जाडी आणि लॉट नंबर असतो. काकांनी विचारलेला ड्रायव्हर त्यावरूनच मिळतो.

आरोग्य समिती, संयोजक

तपासणीचा रिपोर्ट आला की तो मात्र समितीला पाठवा भाऊ, यादीवर नको.