विज्ञानकथेतील यानाबाहेरची मोहीम: खाली कोणी उतरावे आणि मागे कोणी राहावे?

दांडियाबाजारकर:
नमस्कार. आमच्याकडे वडोदऱ्यात, दांडिया बाजारातील एका स्नेह्यांच्या घरी, महिन्यातून एकदा कथावाचन होते. गेल्या खेपेस मी माझी एक विज्ञानकथा वाचली. तीत सहा जणांचे यान एका अनोळखी उपग्रहाभोवती फिरत असते आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या संकेतांचा माग काढण्यासाठी कप्तान, डॉक्टर व मुख्य अभियंता असे तिघे छोट्या अवतरणयानातून खाली उतरतात. वाचन संपताच एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "अहो, घरातली सगळी कर्ती माणसे एकाच रिक्षात घालून पाठवलीत, मग घरी कोण?" सगळे हसले, मीही हसलो, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कथेचा निवेदक कप्तानच असल्यामुळे त्याला वर ठेवले तर सारा थरार त्याच्या नजरेआड घडेल. जाणकारांनी कृपया सुचवावे.

चंद्रकोर:
कप्तानाने स्वतः उतरण्याची रीत बरीचशी दूरचित्रवाणीने रुजवली आहे. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'मध्ये मुख्य नट प्रत्येक भागात दिसायला हवेत म्हणून कप्तानच खाली जात असे. माणसे क्षणात खाली पोहोचवणारे यंत्रही त्या मालिकेत आले ते मुख्यतः दर आठवड्याला यान उतरवून दाखवण्याचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून.

मात्र बाईंचा आक्षेप मला अर्धाच पटतो. १९६९ साली अपोलो ११ मोहिमेचे प्रमुख आर्मस्ट्राँग स्वतःच चंद्रावर उतरले होते. वर राहिले ते कॉलिन्स, आणि खालचे दोघे परतले नाहीत तर एकट्याने यान पृथ्वीवर आणण्याची तयारी त्यांनी केलेली होती. तेव्हा हुद्दा कोणाचा मोठा, यापेक्षा यान घरी नेण्याची विद्या कोणाकडे आहे, ते आधी पाहावे. दर फेरीत चंद्रामागे गेल्यावर सुमारे पाऊण तास कॉलिन्स यांचा कोणाशीही संपर्क नसे. तुमचा निवेदक वर राहिला तर हा पाऊण तास तुमच्या हाती येतो, आणि तो साधासुधा ऐवज नाही.

निवृत्त सुरक्षा अधिकारी:
मीही वडोदऱ्याचाच. अंतराळातले मला फारसे कळत नाही. परंतु येथील एका रासायनिक कारखान्यात मी अनेक वर्षे बंद टाक्यांमध्ये माणसे उतरवली आहेत, आणि तुमच्या कथेतील प्रसंग मला ओळखीचा वाटला. टाकीत उतरण्यापूर्वी आतल्या हवेत प्राणवायू किती आहे ते मोजतात (बाहेर तो २०.९ टक्के असतो), परमिटावर सह्या होतात, उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधतात आणि मॅनहोलपाशी एक माणूस केवळ पाहण्यासाठी उभा करतात. त्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावलेली असते: आतला माणूस कोसळला तरी तू आत उडी घ्यायची नाहीस, दोर ओढ, हाक मार, पण जागा सोडू नकोस.

एकदा आतल्या मजुराने दोराच्या खुणेला उत्तर दिले नाही. वर उभा असलेला त्याचा सख्खा भाऊ होता. त्याने चप्पल काढून एक पाय मॅनहोलमध्ये घातलासुद्धा. मी त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढले. आतल्याचा दोर शिडीत अडकला होता, इतकेच; तो पुढे सुखरूप बाहेर आला. भाऊ मात्र नंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. तुमच्या कप्तानाला त्या भावाच्या जागी उभे करून पाहा.

उल्कावर्ती:
एक असहमती नोंदवतो. वर बसून ऐकणारा निवेदक दोन पानांनंतर कंटाळवाणा होतो, तेव्हा खाली काय घडते ते नेमकेपणाने दाखवावेच लागेल. पोशाख चढवला आणि निघाले, असे मात्र लिहू नका. पोशाखात हवेचा दाब वातावरणाच्या जेमतेम एकतृतीयांश असतो, म्हणून रक्तातील नायट्रोजन काढून टाकण्यासाठी आधी बराच वेळ शुद्ध प्राणवायू घ्यावा लागतो. १९६५ साली सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह पहिल्यांदा यानाबाहेर बारा मिनिटे तरंगले, तेव्हा त्यांचा पोशाख इतका फुगला की दाब कमी केल्याशिवाय त्यांना आत शिरता येईना.

शिवाय परतीचा हिशेब हवा. अपोलोच्या शेवटच्या मोहिमांत गाडी होती. ती वाटेत बंद पडली तर उरलेल्या प्राणवायूवर पायी परतता येईल, इतक्याच अंतरापर्यंत जाण्याची मुभा असे. म्हणून साधारणतः सर्वांत दूरचे ठिकाण आधी गाठून यानाच्या दिशेने काम करत येत. आणि १९७१ मधील अपोलो १४ चे दोघे विवराचा काठ शोधता शोधता वेळ संपल्याने माघारी फिरले. काठ अवघ्या काही पावलांवर होता, हे पुढे छायाचित्रांवरून कळले. तेथे झाड नाही, घर नाही, हवेचा धूसरपणा नाही, त्यामुळे अंतराचा अंदाजच येत नाही.

दांडियाबाजारकर:
सर्वांचे आभार. कप्तानाला वर ठेवतो आहे. डॉक्टर व अभियंता संकेताच्या उगमापासून थोड्याच अंतरावर असतील, प्राणवायूच्या हिशेबाने परतायची वेळ झालेली असेल आणि नेमके तेव्हाच यान उपग्रहामागे जाईल. त्या पाऊण तासात कप्तान अवतरणाच्या दुसऱ्या यानाचे दार उघडून उभा असेल. त्याला पट्ट्याला धरून मागे ओढणारा कोण असावा, हे अजून ठरत नाही. वरच्या इतर तिघांपैकी सर्वांत कनिष्ठ असलेली मुलगी मनात आहे, पण ती कप्तानाला अरेतुरे करील की "सर" म्हणूनच ओढील, यावर अडलो आहे.

निवृत्त सुरक्षा अधिकारी:
त्या वेळी ती काहीही म्हणणार नाही. मीही काही म्हटले नव्हते.