मदत हवी आहे : पर्वरीत (गोवा) जांभ्या खडकावर दाट देशी रान कसं उभं करावं?

नमस्कार मंडळी. सोसायटीमागच्या ३०० चौरस मीटर पडीक जागेत मियावाकी पद्धतीने (थोड्या जागेत देशी झाडं दाटीने लावून) मत्ती, किंदळ, भिरंड, सातवीण लावायची आहेत, चौरस मीटरला तीन-चार रोपं. मोकळा सडा (जांभ्याचं उघडं पठार) असता तर हातही लावला नसता, पावसाळ्यातली ती इवली फुलं हीच त्याची श्रीमंती. पण इथे बांधकामाचा राडारोडा पडलाय आणि खाली वीतभरावर सलग जांभा.

या पद्धतीत सांगतात तसं मीटरभर खणणं इथे अशक्य वाटतं. वर माती, शेणखत, भाताचा कोंडा मिसळून उंचवटा केला तर मुळं धरतील का? की जूनच्या पहिल्याच मुसळधार पावसात सगळं वाहून जाईल? जांभ्यावर कुणी झाडं जगवली असतील तर कृपया सविस्तर सांगा. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालायला आम्ही तयार आहोत.