लहान बाळांच्या सॅम्पलसाठी कोणते इडीटीए बल्ब घ्यावेत?

तालुका_लॅब
मंडळी, तालुक्याच्या गावी माझी छोटी लॅब आहे. शेजारी बाळांचं हॉस्पिटल सुरू झाल्यापासून नवजात बाळांची आणि दोन-तीन वर्षांच्या पोरांची सॅम्पलं बरीच येतात. सिस्टर टाचेतून थेंब थेंब रक्त काढतात आणि आपल्या नेहमीच्या २ मिलीच्या इडीटीए बल्बमध्ये (म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळीत) गोळा करतात. तळाशी जेमतेम अर्धा मिली. त्यातली बरीच गुठळी होऊन येतात. परत सॅम्पल मागितलं की नातेवाईक अंगावर येतात, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही.
मायक्रोटेनरसारख्या छोट्या नळ्या घ्याव्यात का? नेहमीच्या बल्बपेक्षा चांगल्याच महाग आहेत. पेशी मोजायचं मशीन थ्री-पार्ट (पांढऱ्या पेशींचे तीन गट मोजणारं) आहे, ओपन मोडवर झाकण काढून चालवतो.

जुना_डीएमएलटी
घ्या. यात दुसरा विचार करू नका.
२ मिलीच्या बल्बमध्ये इडीटीए २ मिली रक्ताच्या हिशोबानं भरलेलं असतं, मिलीमागे साधारण १.८ मिग्रॅ. तुम्ही अर्धा मिली घातलंत की इडीटीए चौपट झालं. पेशी आकसतात, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) भरवशाचे राहत नाहीत, स्लाइडवर पेशी काटेरी दिसतात. एवढं जास्त इडीटीए असून गुठळी का होते? कारण ते बल्बच्या भिंतीवर सुकलेलं असतं. थेंब सावकाश ओघळत येतो आणि त्यात नीट मिसळायच्या आतच गोठायला लागतो. थोडक्यात, रिपोर्ट दोन्ही बाजूंनी बिघडतो.
बीडीच्या मायक्रोटेनरवर २५० आणि ५०० मायक्रोलिटरच्या रेघा असतात, भरणं त्या दोन रेघांच्या मधे हवं. ग्रायनरचं मिनीकलेक्ट, सारस्टेड्टचं मायक्रोव्हेट हेही चांगलं. मायक्रोव्हेट १०० आणि २०० मायक्रोलिटरचंही मिळतं, पण तुमच्या मशीनची सुई त्यात तळापर्यंत पोचते का ते आधी एका रिकाम्या नळीत पाहा. कंपनीवरून फार डोकं खाजवू नका, जी नळी तुमच्या डीलरकडे बारा महिने मिळते ती घ्या.
आणि सिस्टरना एकच सांगा: दोन-तीन थेंब पडले की नळीच्या बुडाला बोटानं टिचकी मारायची. सगळं भरून झाल्यावर हलवू म्हटलं तर उशीर झालेला असतो. झाकण लावल्यावर आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट. खुळखुळ्यासारखं हलवलं तर पेशी फुटतात.

एनआयसीयू_सिस्टर
दादांना अनुमोदन, पण नळी बदलून निम्मंच काम होईल. थेंब मोकळा आला नाही तर सोन्याची नळी आणली तरी गुठळीच.
टाच आधी कोमट कपड्यानं तीन ते पाच मिनिटं शेकायची. पाय शरीरापेक्षा खाली धरायचा. स्पिरिट लावलं की पूर्ण वाळू द्यायचं, ओल्या स्पिरिटवर टोचलं की थेंब पसरतो आणि हिमोलिसिसही होतं, म्हणजे पेशी फुटतात. टोचायचं तळव्याकडून, टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध नाही आणि मागच्या गोलाईवर तर मुळीच नाही, तिथे हाड जवळ असतं. खोली २ मिमीच्या वर नको. आपोआप आत जाणारं लॅन्सेट (टोचायचं छोटं पातं) वापरा, सुईनं टोचायची सवय मोडा. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून टाकायचा, त्यात ऊतींमधलं पाणी असतं.
मग येतं ते दाबणं. घाईच्या वेळी सगळ्याच टाच पिळतात. पिळलं की पाणी मिसळतं, पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढतं. हलकं दाबा, सोडा, परत भरू द्या.
सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला बोट चालतं. मधलं किंवा अनामिका, पेराच्या टोकापासून जरा बाजूला.
दादा, एक विचारते, जुळ्या बाळांच्या नळ्यांवर तुमच्याकडे नाव कसं लिहितात? आमच्याकडे दोन्हींवर ‘बेबी ऑफ अमकी’ यायचं. आता एक-दोन आणि आयपी नंबर (भरतीचा नंबर) लिहिल्याशिवाय नळी वॉर्डाबाहेर जात नाही.

काटकसरी
खर्च वाचवायचा तर इडीटीएचं सॅम्पल आहे त्यातलंच थोडं प्लेन बल्बमध्ये (गोठणं थांबवणारं काही नसलेल्या) ओतून इलेक्ट्रोलाइट (सोडियम-पोटॅशियम वगैरे) करता येईल ना? दोनदा टोचायला नको.

जुना_डीएमएलटी
अजिबात नको! इडीटीए म्हणजे पोटॅशियमचंच मीठ, आणि ते काम करतं रक्तातलं कॅल्शियम धरून. ओतलेल्या सॅम्पलचं पोटॅशियम दहाच्या वर, कॅल्शियम तळाला आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही खाली येतं. असा रिपोर्ट पाहून वॉर्डात धावपळ उडते आणि बाळ मजेत दूध पीत असतं. सुईनं शिरेतून काढता तेव्हा प्लेन आधी, इडीटीए नंतर, ते याचसाठी. टोचून थेंब घेताना मात्र उलटं: इडीटीए आधी, प्लेन शेवटी. कारण तिथे मिनिटागणिक गोठणं सुरू असतं, आणि प्लेनमध्ये गोठलं तरी बिघडत नाही.

बालरोग_डॉक्टर
डॉक्टरच्या बाजूनं दोन गोष्टी.
डेंगीच्या दिवसांत ‘प्लेटलेट ४०,०००’ असा फोन आला की मी आधी स्लाइड पाहिली का विचारतो. टोचून घेतलेल्या सॅम्पलमध्ये प्लेटलेटचे पुंजके होतात, मशीन त्यांना मोजत नाही. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली एका फील्डमध्ये सरासरी दहा प्लेटलेट दिसत असतील तर आकडा दीड ते दोन लाखांच्या घरात आहे, मशीन काहीही म्हणो. काही जणांच्या प्लेटलेट इडीटीएमध्येच चिकटतात. तिथे सायट्रेटमध्ये (गोठू न देणारं दुसरं रसायन) शिरेतून घेऊन आकड्याला १.१ नं गुणायचं. पण त्यातही पुंजके होऊ शकतात, स्लाइड सुटत नाही.
दुसरं, रक्त किती घ्यायचं. बाळात किलोमागे साधारण ८०-९० मिली रक्त. दीड किलोच्या बाळाचं मिळून १२०-१३५ मिली. त्यातून प्रत्येक तपासणीला ‘२ मिली द्या’ म्हणणाऱ्या लॅबचा मला राग येतो. कोणत्या तपासणीला कमीत कमी किती लागतं तो कागद वॉर्डात चिकटवा, मी हात जोडतो. आणि साखरेचं सॅम्पल फ्लोराइडमध्ये (पेशींना साखर खाऊ न देणारं रसायन) घेतलं म्हणून टेबलावर ठेवू नका. फ्लोराइडचा पूर्ण असर यायला तास-दोन तास जातात, तोवर पेशी साखर खातच असतात.

तालुका_लॅब
सगळ्यांचे आभार. छोट्या नळ्यांचं एक पाकीट आजच सांगतो, चार्टही करतो. ताई, आमच्याकडे नुसतं आईचं नाव असतं, उद्यापासून आयपी नंबर सक्तीचा.
शेवटचं: बाळाचं पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) टोचून घेतलेल्या रक्तावर चालेल का?

जुना_डीएमएलटी
तुमच्या सायट्रेट बल्बसाठी नाही. ते शिरेतूनच घ्या. १ मिलीचा छोटा सायट्रेट बल्ब मिळतो, ०.९ रक्ताला ०.१ सायट्रेट, रेघेपर्यंत काटेकोर. बटरफ्लायनं (लवचिक नळी जोडलेल्या सुईनं) घेत असाल तर त्या लवचिक नळीतली हवा आत जाऊन बल्ब कमी भरतो, म्हणून आधी एक टाकाऊ बल्ब लावायचा. बाळ लहान असेल तर तेवढंही रक्त वाया घालवणं जड जातं, मग सरळ सिरिंजनं काढा आणि झाकण उघडून भरा.
नवजात बाळाचं हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असलं तर सायट्रेट कमी करावं लागतं, कारण प्लाझ्माच (पेशी सोडून उरलेला द्रव) कमी असतो. ६० असेल तर ०.९ मिली रक्ताला साधारण ०.०७ पुरे. ट्युबरक्युलिन सिरिंजनं (१ मिलीच्या बारीक सिरिंजनं) बल्बमधलं तीन बारीक रेघा, म्हणजे ०.०३ मिली, सायट्रेट काढून टाका आणि मग रक्त भरा. रिक्विझिशनवर (तपासणीच्या चिठ्ठीवर) हिमॅटोक्रिट लिहून मागा, नाहीतर आयएनआर विनाकारण वाढलेलं येईल.